रंगाखालचा रंग : युद्धकालीन विमानांच्या मूळ छटांचा शोध

बडनेरा जंक्शनावर बाजूच्या रुळावर उभी असलेली एखादी जुनी मालवाघीण जवळून न्याहाळली, तर तिच्या पत्र्यावर जेथे टवका उडालेला असतो तेथे एकाखाली एक असे अनेक रंग दिसून येतात. वरचा थर उन्हाने पांढुरका पडलेला असतो, त्याखालचा किंचित गडद असतो आणि सर्वांत खाली तांबूस अस्तर डोकावत असते. वाघीण किती वेळा कारखान्यात जाऊन आली, याची ती जणू नोंदवहीच होय. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांच्या दरवाजांवरही हाच प्रकार आढळतो. दर दिवाळीला वा घरातील लग्नकार्याला एक हात देण्याची पद्धत असल्याने चौकटीच्या कोपऱ्यात तीन-तीन पिढ्यांचे तैलरंग साचलेले असतात. खापरपणजोबांच्या काळी दार हिरवे होते की निळे, याविषयी घरात वाद झाला, तर बिजागरीची पट्टी काढून तिच्या आड पाहणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

दुसऱ्या महायुद्धातील विमाने जतन करणाऱ्या संग्रहालयांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. विमानाचे इंजिन, पंख आणि चाके पूर्ववत करता येतात, कारण त्यांचे नकाशे उपलब्ध असतात. रंगाचे तसे नसते. रंग हा विमानाचा सर्वांत पातळ आणि सर्वांत लवकर नष्ट होणारा भाग होय, आणि प्रेक्षकाच्या नजरेत प्रथम भरतो तोही रंगच. तो चुकला, तर विमानाचा इतिहासच चुकीचा सांगितला जातो. भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हे लिबरेटर जातीच्या बाँबफेकी विमानांच्या कथेवरून स्पष्ट होते.

कानपूरच्या माळावरील विमाने

बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचे अमेरिकी विमान. युद्धकाळात अशी १८ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांपैकी पुष्कळशी उधार-पट्टा करारान्वये ब्रिटिश हवाई दलास मिळाली आणि भारतातील तळांवरून ब्रह्मदेशाच्या मोहिमेत वापरली गेली. युद्ध संपल्यावर करारानुसार ही विमाने परत करावयाची अथवा निकामी करावयाची होती. कानपूरजवळील चकेरी येथे ती ओळीने उभी करण्यात आली आणि पुन्हा उडू नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोड करण्यात आली. इंजिनांत वाळू घातली गेली आणि पत्र्याला भोके पाडली गेली, असे सांगतात.

स्वतंत्र भारताला बाँबफेकी विमानांची निकड भासली, तेव्हा या भंगाराकडे लक्ष गेले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील तंत्रज्ञांनी एकेक विमान उड्डाणापुरते जुळवून घ्यावे आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते कानपूरहून बंगळूरला उडवीत न्यावे, असा क्रम सुरू झाला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली उभ्या राहिलेल्या या कारखान्याने युद्धकाळात अमेरिकी विमानांची दुरुस्ती केलेली होती. तो अनुभव येथे कामी आला. सुमारे ४० विमाने अशा प्रकारे पुन्हा आकाशात गेली. त्यांतून नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची ५ क्रमांकाची तुकडी उभी राहिली. पुढे १९५१ साली पुण्यास ६ क्रमांकाची तुकडी हीच विमाने घेऊन सागरी टेहळणीच्या कामी रुजू झाली. लोहगावच्या आकाशात लिबरेटरची घरघर त्या पिढीच्या पुणेकरांना परिचयाची होती. १९६८ च्या अखेरीस ही विमाने निवृत्त झाली.

जगातील अन्य हवाई दलांनी आपली लिबरेटर विमाने तोपर्यंत केव्हाच वितळवून टाकली होती. त्यामुळे आज परदेशांतील संग्रहालयांत उभ्या असलेल्या लिबरेटर विमानांपैकी कित्येक भारतातून गेलेली आहेत. एक कॅनडाला १९६८ साली देण्यात आले, एक १९६९ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे गेले, एक १९७४ साली ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयास भेट म्हणून उडवीत नेण्यात आले. एक दिल्लीस पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. या प्रत्येक विमानाच्या अंगावर अमेरिकी कारखान्याचा, ब्रिटिश तुकडीचा आणि भारतीय हवाई दलाचा असे किमान तीन काळांचे रंग चढलेले होते. यांतील ‘मूळ’ रंग कोणता?

लाल ठिपका का पुसला गेला

विमानावरील रंगाचे दोन भाग पडतात. एक अंगाचा रंग, म्हणजे शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून दिलेला शेवाळी, मातकट वा राखाडी लेप. दुसरा, मित्रांनी ओळखावे म्हणून रंगवलेली चिन्हे. या दोहोंचा हेतू परस्परविरोधी आहे आणि संशोधकाला सर्वाधिक माहिती मिळते ती चिन्हांच्या भागातून.

ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार चिन्हात मध्यभागी लाल ठिपका असे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाल्यापासून त्याच्या विमानांवरही हेच चिन्ह होते. जपान युद्धात उतरल्यावर मात्र अडचण उद्भवली. जपानी विमानांवर सूर्याचे प्रतीक म्हणून लाल गोळा असे. तोफचीला किंवा वैमानिकाला क्षणार्धात निर्णय घ्यावयाचा असतो, आणि अशा वेळी दुरून दिसणारा लाल ठिपका जिवावर बेतू शकतो. म्हणून आशियातील विमानांवरील लाल रंग पुसून त्या जागी प्रथम पांढरा आणि पुढे फिकट निळा रंग देण्यात आला. अमेरिकेनेही १९४२ साली आपल्या ताऱ्यामधील लाल ठिपका काढून टाकला. याचा परिणाम असा की, ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमाने निळ्या व फिकट निळ्या अशा दोनच रंगांच्या चिन्हाने ओळखली जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर या जागी अशोकचक्र आले. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला, हवाई दलाच्या नावातील ‘रॉयल’ हा शब्द गेला आणि केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांचे आजचे चिन्ह प्रचारात आले.

आता या घटनाक्रमाचा उपयोग पाहावा. पंखावरील चिन्हाच्या जागी हळूहळू घासत गेल्यास वरून खाली हिरवा, त्याखाली चक्राचा निळा, त्याखाली फिकट निळा आणि अगदी तळाशी लाल असे थर मिळाले, तर त्या विमानाचा दहा-बारा वर्षांचा प्रवास हाती येतो. लाल थर मुळीच मिळाला नाही, तर विमान लाल चिन्ह बंद झाल्यानंतर रंगवले गेले असावे असा तर्क करता येतो. मात्र तो तर्कच होय. मधल्या एखाद्या दुरुस्तीत जुना रंग पूर्णपणे खरवडून काढला असण्याची शक्यता नेहमीच ध्यानात ठेवावी लागते. पत्राच बदललेला असेल, तर त्या पत्र्याची साक्ष अर्थातच निरुपयोगी ठरते.

पापुद्रा वाचण्याची रीत

या कामाची पहिली पायरी म्हणजे घाई न करणे. विमान संग्रहालयात आले की, त्याचा जुना रंग रसायनाने उतरवून नवा चकचकीत रंग चढवण्याचा मोह होतो. एकदा रंग उतरवला की पुरावा कायमचा गेला. म्हणून प्रथम जेथे ऊन, पाऊस व कामगारांचा ब्रश पोहोचत नाही अशा जागा शोधतात. झाकणांच्या कडा, बिजागरीच्या पट्ट्यांची मागील बाजू, क्रमांकाच्या धातूच्या पाटीखालची जागा, चाकांच्या खोबणीचा वरचा भाग आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात तो सांधा, ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत.

अशा जागी अतिशय बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वर्तुळाकार घासतात. मध्यभागी धातू उघडा पडेपर्यंत घासले, की त्याभोवती एकेका थराचे कडे तयार होते. हे दृश्य झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखे दिसते. बुंध्याप्रमाणेच येथेही सर्वांत जुना थर मध्याजवळ आणि सर्वांत नवा बाहेर असतो. कड्यांची संख्या मोजली की विमान किती वेळा रंगवले गेले याचा अंदाज येतो. दोन कड्यांच्या मध्ये धुळीची वा काजळीची बारीक रेघ आढळली, तर खालचा रंग काही काळ उघड्यावर होता असे मानतात. रेघ नसेल, तर ते दोन्ही थर बहुधा एकाच वेळी दिलेले अस्तर व वरचा रंग असतात. ही बारीकशी रेघ फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास अस्तरालाच मूळ रंग समजण्याची चूक होते.

दुसऱ्या रीतीत रंगाचा मोहरीएवढा कण धारदार पात्याने काढून पारदर्शक राळेत बसवतात, त्याची कड घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साऱ्या थरांचा उभा छेद एकाच दृष्टिक्षेपात दिसतो. याच नमुन्यावर क्ष-किरण सोडले असता कोणत्या थरात शिसे, जस्त, क्रोमियम वा टिटॅनियम आहे ते समजते. अवरक्त किरणांच्या परीक्षणाने रंग ज्या तेलात किंवा राळेत कालवला होता तिची जात कळते. हे ज्ञान कालनिर्णयास उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पॉलियुरेथेन जातीचे रंग विमानांवर महायुद्धानंतरच रूढ झाले. तेव्हा ज्या शेवाळी थरात ते सापडेल तो थर कितीही अस्सल दिसला तरी युद्धकालीन नव्हे.

अमेरिकी विमानांच्या आतल्या भागात हिरवट पिवळा असा एक थर हमखास आढळतो. तो झिंक क्रोमेट या गंजरोधक अस्तराचा होय. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे त्याने उत्तम रक्षण केले, परंतु त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. म्हणून कोरडे घासणे पूर्णपणे वर्ज्य मानले जाते आणि मुखवटा व हातमोजे अनिवार्य ठरतात. हौशी मंडळींनी गावातील एखाद्या जुन्या विमानावर असा प्रयोग करून पाहू नये, हे येथेच नमूद करणे इष्ट.

झाकलेल्या जागी सापडलेला रंग मूळ छटेचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. उन्हात रंगातील तेल-राळ झिजते, रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका पडतो, हे खरे. परंतु जवसाच्या तेलाचा रंग अंधारात राहिला, तर तो पिवळट पडतो. म्हणजे उन्हातला रंग फिका झालेला आणि अंधारातला पिवळा झालेला, आणि खरी छटा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. गंमत अशी की, अंधारात पिवळा पडलेला तैलरंग काही काळ उजेडात ठेवल्यास त्याचा पिवळेपणा बराचसा कमी होतो. म्हणून नमुना मिळताच त्याची छटा ठरवून मोकळे न होता त्याला प्रथम प्रकाश दाखवावा लागतो.

छायाचित्र खोटे बोलते काय?

युद्धकाळातील बहुतांश छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांवरून रंग ओळखणे वाटते तितके सोपे नाही. त्या काळी प्रचलित असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. अशा फिल्मवर लाल ठिपका काळा उमटे, पिवळे वर्तुळ गडद दिसे आणि निळा रंग मात्र पांढुरका दिसे. सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या दुसऱ्या फिल्मवर हेच चिन्ह अगदी निराळे भासते. म्हणून एकाच विमानाची दोन छायाचित्रे पाहून ‘याला दोनदा रंगवले’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. छायाचित्राचा खरा उपयोग रंग ठरवण्यासाठी नसून सीमारेषा ठरवण्यासाठी असतो. शेवाळी रंग कोठे संपतो, अक्षरांची उंची किती, चिन्ह रिबिटांच्या कोणत्या ओळीपासून सुरू होते, या बाबी त्यावरून नेमक्या मोजता येतात.

छटेसाठी मग कागदपत्रांकडे वळावे लागते. ब्रिटनमध्ये रंगांच्या प्रमाणित पट्ट्या होत्या आणि त्यांतील काही छटांना ब्रिटिश मानकात आजही क्रमांक आहेत. गडद मातकट रंगाचा क्रमांक ४५०, गडद हिरव्याचा ६४१ आणि मध्यम समुद्री राखाडीचा ६३७ आहे. लंडनच्या हवाई दल संग्रहालयाने १९७६ साली युद्धकालीन ब्रिटिश विमानरंगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात छापील चित्रांऐवजी प्रत्यक्ष रंगाचे तुकडे चिकटवलेले आहेत. छपाईच्या शाईने छटा बदलते, हे ओळखूनच हा खटाटोप करण्यात आला.

तरीही एक गोष्ट उरतेच. प्रमाणित पट्टी म्हणजे आदेश. कारखान्यात प्रत्यक्षात जो डबा उघडला गेला, त्यातील रंग त्या आदेशाशी तंतोतंत जुळत असे असे नव्हे. लिबरेटर विमाने अमेरिकेतील अनेक कारखान्यांत बांधली जात आणि युद्धाच्या घाईत जो पुरवठादार माल देईल त्याचा रंग घेतला जाई. शिवाय आघाडीवर तात्पुरत्या दुरुस्त्या होत. बाँबफेकीत फाटलेला पत्रा बदलून त्यावर हाताशी असेल तो रंग फासला जाई. अशा ठिगळाला चूक म्हणून पुसून टाकणे योग्य नव्हे. ते त्या विमानाच्या सेवेचे प्रमाणपत्रच असते.

सरकीचे विमानाशी नाते

वऱ्हाडातील वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण या विमानांचा काही भाग कापसाचा होता. लिबरेटरचे धड व पंख ॲल्युमिनियमचे असले, तरी शेपटीची सुकाणू व पंखांच्या मागील हलत्या फळ्या सुती कापडाने मढवलेल्या असत. ब्रिटिश विमानांत या कामी आयर्लंडचे तागी कापड वापरीत, तर अमेरिकी विमानांत उच्च प्रतीचे सुती कापड. या कापडावर ‘डोप’ नावाचा पातळ लेप देत. लेप वाळताना कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणले जाई आणि पाणी व वारा यांना दाद देत नसे. डोपच्या एका प्रमुख प्रकाराचे मूळ द्रव्य, नायट्रोसेल्युलोज, हे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून तयार होते. बडनेरा-अमरावती-अकोला पट्ट्यातील जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी बारीक लव राहते, तीच ही.

रंगाच्या संशोधकाला या कापडाची मोठी अडचण होते. ऊन व दमट हवेने ते काही वर्षांत कुजते आणि बदलावे लागते. त्याच्याबरोबर त्यावरील रंगही जातो. तुकड्यांची ओळख सांगणारी चिन्हे नेमकी शेपटीवरच रंगवलेली असत. परिणामी विमानाचा जो भाग सर्वाधिक बोलका, तोच सर्वांत आधी मुका होतो. त्यातच कापडावरील डोप आणि पत्र्यावरील तैलरंग एकाच पट्टीप्रमाणे दिलेले असले, तरी वेगवेगळ्या गतीने विटतात. छायाचित्रात शेपटीचा हलता भाग धडापेक्षा निराळा दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

वऱ्हाडातील विमानांचा इतिहास तसा अलीकडचा नाही. अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी १९४३ साली, ऐन युद्धकाळात बांधली गेली. नागपूरचे सोनेगाव हाही त्या काळी ब्रिटिश हवाई दलाचा महत्त्वाचा थांबा होता. बडनेऱ्यापासून जवळच असलेल्या बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा विमान हे या भागाला सर्वस्वी नवे होते असे म्हणता येणार नाही.

कोणता थर दाखवावा?

सर्व परीक्षणे झाल्यावर प्रश्न उरतो तो निवडीचा. विमानाला एकाच वेळी तीन काळांचे रंग देता येत नाहीत. ब्रिटनला गेलेले लिबरेटर त्याच्या युद्धकालीन ब्रिटिश तुकडीच्या रूपात मांडण्यात आले. ते विमान त्या तुकडीत खरोखरच होते, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. परंतु तेथे ते महिन्यांच्या हिशेबात होते, भारतात वर्षांच्या. कॅनडातील विमानावर कॅनडाच्या हवाई दलाची चिन्हे आहेत, जरी त्या दलात त्याने कधीच सेवा केली नाही.

अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनचे विमान तर आणखी बोलके उदाहरण आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे तयार होऊन ते थेट ब्रिटिश हवाई दलाकडे गेले, युद्धानंतर कानपूरला टाकून दिले गेले, भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरले आणि पुढे १९८४ साली अमेरिकेत परतले. १९८९ मध्ये ते पुन्हा उडू लागले. त्यानंतर त्यावर क्रमाक्रमाने ‘ऑल अमेरिकन’, ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि ‘विचक्राफ्ट’ या तीन निरनिराळ्या अमेरिकी विमानांचे रंग व नावे चढवण्यात आली. ज्या अमेरिकी जवानांच्या स्मरणार्थ हे केले गेले त्यांच्या शौर्याविषयी दुमत नाही. तथापि या विमानाने अमेरिकी दलात एकही मोहीम केली नव्हती. जे हात कानपूरच्या माळावर इंजिनांतील वाळू उपसत होते, ज्यांच्यामुळे हे विमान भंगारातून वाचले, त्यांची खूण मात्र त्याच्या अंगावर कोठेही उरली नाही. हे रूप केवळ नव्या रंगाने झाकले असते, तरी कोणाला तरी पुढे पॉलिश पेपर घेऊन ते शोधता आले असते. पूर्ण डागडुजीत मात्र जुना लेप पत्र्यापर्यंत उतरवला जातो आणि मग शोधण्यासारखे काही राहत नाही.

यामुळेच अलीकडे काही संग्रहालयांनी विमान मुळीच न रंगवण्याचे धोरण स्वीकारले आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे ‘फ्लॅक-बेट’ नावाचे एक बाँबफेकी विमान आहे. त्याने युरोपात २०० हून अधिक मोहिमा केल्या आणि त्याचा विटलेला, ठिगळे लावलेला युद्धकालीन रंग अद्याप शाबूत आहे. तेथील तज्ज्ञ तो रंग केवळ स्वच्छ करून स्थिर ठेवण्याचे काम करतात. मात्र हा मार्ग छपराखाली, नियंत्रित हवेत ठेवलेल्या विमानालाच परवडतो. गोव्यात १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात कित्येक विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. तेथे रंग न देणे म्हणजे पत्रा गमावणे होय.

रंगवणे अपरिहार्य असेल तेथे मध्यम मार्ग असा : पंखाखाली वा झाकणाच्या आत वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन न घासता, न रंगवता सोडून द्यावयाचा, त्यावर पारदर्शक रक्षक लेप द्यावयाचा आणि त्याची जागा नोंदवहीत लिहून ठेवावयाची. राळेत बसवलेले कण लहानशा डबीत विमानाच्या क्रमांकासह ठेवतात. प्रत्येक थराची छटा शब्दांत न लिहिता मन्सेल पद्धतीच्या अंकांत लिहितात, कारण ‘शेवाळी’ म्हटल्यावर बडनेऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक रंग येतो आणि पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरा. नमुना कोणत्या प्रकाशात पाहिला हेही सोबत लिहावे लागते. दोन रंग दुपारच्या उजेडात एकसारखे दिसतात आणि तेच संध्याकाळी दिव्याखाली नेले की निराळे निघतात, हा अनुभव कापडाच्या दुकानात साडीला जुळता पोलका निवडणाऱ्या प्रत्येक गृहिणीला आहे.